डीटी-१ च्या वायरिंगबद्दल

गंगापूर रोड, नाशिक

प्रिय संज्या,

काकांची डीटी-१ तू गोदामातून बाहेर काढलीस, हे वाचून फार आनंद झाला रे! १९६८ साली बाजारात आलेलं यामाहाच्या मोटरसायकलचं हे मॉडेल, अडीचशे सीसीचं टू-स्ट्रोक, आपल्याकडे बघायला तरी कुठे मिळतं?

आता वायरिंग नवं करायचं म्हटलं की कोणीही सांगेल, ‘एलईडी टाक, मोकळा हो.’ घाई करू नकोस. या गाडीत हेडलाइटला करंट बॅटरीतून येत नाही, मॅग्नेटोच्या (इंजिनाबरोबर फिरणाऱ्या चुंबकातून वीज बनवणारा भाग) लायटिंग कॉइलमधून थेट येतो. तो एसी, म्हणजे सतत दिशा बदलणारा असतो आणि इंजिनाचे फेरे वाढले की व्होल्टेजही चढतं. त्याला आवरून धरतो तो हेडलाइटचा बल्बच. म्हणून डिपर स्विच निवडताना जीव लावून निवड. हाय-लो बदलताना चांगला स्विच क्षणभर दोन्ही फिलामेंट धरून ठेवतो, मग एक सोडतो. भलताच स्विच मध्येच दोन्ही सोडतो, आणि तेवढ्यात चढलेलं व्होल्टेज टेललाइटचा बल्ब उडवतं. दुकानातच तपास: मल्टिमीटर बीपवर ठेवून त्याची एक पिन स्विचच्या इनपुटला, दुसरी दोन्ही आउटपुट एकत्र धरून त्यांना, आणि खटका हळू फिरव. बीप तुटता कामा नये.

दुसरं अर्थिंग, म्हणजे करंट परत जायची वाट. सहा व्होल्टला ३५ वॉटचा बल्ब जवळजवळ सहा अँपिअर खेचतो. वाटेत अर्धा व्होल्ट गळाला तरी पाव भाग उजेड जातो! हेडलाइटचं अर्थ हँडलच्या ग्रीस भरलेल्या बेअरिंगवर सोडू नकोस. बल्बपासून चासीपर्यंत (गाडीच्या सांगाड्यापर्यंत) वेगळी काळी वायर टाक, बोल्टखालचा रंग खरवडून. हँडलजवळ वायर थोडी सैल ठेव, म्हणजे वळवताना ताणणार नाही. त्र्यंबककडचा पाऊस आणि अंजनेरीचा चिखल तुला माहीत आहे, तेव्हा कनेक्टर उघडे नकोत.

इग्निशनच्या वायरला मात्र जप. मॅग्नेटोच्या गाडीत किल्ली बंद केली की ती वायर अर्थला जोडली जाते, म्हणून इंजिन थांबतं. म्हणजे स्विच उलटा चालतो. तिला बॅटरीची लाइन चुकूनही देऊ नकोस, कॉइल जळेल.

क्रिंपिंगची, म्हणजे वायरवर टर्मिनल दाबून बसवायची पक्कड माझ्याकडे आहे. गणपती झाले की गाडी टेम्पोत टाकून इकडेच घेऊन ये. जुनं वायरिंग कापून फेकू नकोस, लांबी त्यावरूनच घ्यायची आहे.

तुझा,
अव्या