एल्ट्झचा किल्ला आणि आपली वाटणी

कोब्लेंझ (जर्मनी), ऑक्टोबरअखेर

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

फराळाचा डबा पोचला. चकल्या मोडल्या होत्या, पण चुऱ्यासकट संपल्या.

आई, व्हिडिओवर मी घरात जाकीट घालून दिसलो म्हणून तू काळजीत आहेस. हीटर उत्तम चालू आहे, आणि मी पैसे वाचवायला कुडकुडत बसत नाही. प्रकार वेगळाच आहे. इथे थंडीतसुद्धा सकाळ-संध्याकाळ पाच-दहा मिनिटं सगळ्या खिडक्या सताड उघडायच्या, तेवढ्यापुरता हीटर बंद करायचा. घरं इतकी बंदिस्त की श्वासाची, स्वयंपाकाची वाफ बाहेर जात नाही; मग भिंतींना बुरशी धरते. खिडकी किलकिली ठेवून भागत नाही, पूर्णच उघडायची. माझ्या भाडेकरारात तसं कलमच आहे. घरमालकीणबाई काचेवर बोट फिरवून ओल बघून जातात. तुझा फोन नेमका त्या वेळी आला, एवढंच.

बाबा, तुम्ही काकांबरोबरच्या आपल्या घराच्या वाटणीचं काढलंत तेव्हा ऑफिसात होतो, नुसतं हो-हो म्हणालो. पुढच्याच शनिवारी मोझेलकर्नला उतरून जंगलातून चालत एल्ट्झचा किल्ला बघून आलो. तिथे तुमची फार आठवण झाली. बाहेरून किल्ला, पण आत शिरलं की चक्क भाऊबंदांचा वाडा!

घराण्याचं नाव ११५७ च्या सनदेत येतं. सम्राट फ्रीडरिश बार्बारोसाच्या त्या सनदेवर रुडोल्फ फॉन एल्ट्झ साक्षीदार आहे. १२६८ मध्ये तीन भावांनी वाटणी केली. एका शाखेच्या ढालीवर सोनेरी सिंह, दुसरीच्या रुपेरी, तिसरीच्या म्हशीची शिंगं. पण किल्ला विकला नाही की मधे भिंत घातली नाही. मधला चौक समाईक, त्याच्याभोवती ज्याने त्याने आपापली घरं चढवली. जागा बेताची, खडकावर, तिन्ही बाजूंनी ओढा. म्हणून घरं आडवी न पसरता उभी वाढत गेली. एकत्र कसं राहायचं याचे करारसुद्धा लेखी होते. पाचेकशे वर्षं बांधकाम चाललं, तरी कुणाच्या घराची उंची कुणाशी जुळत नाही.

भांडण्याची वेळ आली तेव्हाही भांडले बाहेरच्याशी. १३३१ मध्ये ट्रियरचा आर्चबिशप बाल्डुइन चालून आला. समोरच्या टेकडीवर त्याने खास वेढ्यासाठी दुसरा छोटा किल्ला बांधला आणि तिथून दगडगोळे फेकले. १३३६ ला तह झाला, एल्ट्झना मान तुकवावी लागली, पण घर राहिलं. १६८९ मध्ये फ्रेंचांनी हा सगळा मुलूख जाळला, तेव्हा त्यांच्याच फौजेत घराण्यातला एक अधिकारी होता, म्हणून हा किल्ला सुटला. हे मला शौर्यापेक्षा ओळखीचं काम वाटलं, पण असो. शेवटी तिसरी शाखा संपली आणि १८१५ मध्ये सोनेरी सिंहवाल्यांनी रुपेरी सिंहवाल्यांचा वाटा विकत घेतला. किल्ला आजही त्याच घराण्याकडे आहे. जुन्या ५०० मार्कच्या नोटेवर त्याचं चित्र होतं.

सगळ्या शाखा जमायच्या त्या दालनात भिंतीवर विदूषकाचे मुखवटे आहेत, म्हणजे इथे मनातलं बोला. आणि दारावर गुलाब, म्हणजे बोललेलं बाहेर नेऊ नका. आपल्या ओसरीवर असा गुलाब असता तर अण्णाकाकांचं बोलणं पेठेत पोचलं नसतं!

माझं म्हणणं एवढंच, की खोल्या वाटा, पण चौक आणि विहीर समाईक ठेवा, आणि तसं कागदावर घ्या. 'तू तिथे बसून सांगणार, राहायचं आम्हाला' असं काका म्हणतील. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. फ्रँकफर्टच्या आपल्या वकिलातीत मुखत्यारपत्रावर सही करून या महिन्यात पाठवतो.

मनूच्या लग्नाला येतो, रजा टाकली आहे. केळवणांना जमणार नाही, तिला तूच समजाव. कराडच्या स्थळाला अजून हो कळवू नका. मी इथे आणखी दोन-तीन वर्षं तरी आहे. मुलीची तयारी आहे का, हे तिलाच विचारलेलं बरं. नंबर पाठवा, मी बोलतो.

कौलांचे पैसे सोमवारी जमा होतील. बाबा, तुमच्या मोतीबिंदूचे वेगळे पाठवतोय, ते कौलांना लावू नका. ऑपरेशनची तारीख ठरली की कळवा. त्या दिवशी तिथे असणार नाही, पण फोन हातातच ठेवीन.

आपला,
शेखर