सूचना : पावसाळ्याआधी कॅटामरान (दोन सांगाड्यांच्या शिडाच्या बोटी) वर घेणे

मांडव्याच्या सर्व सभासदांस,

येत्या अमावास्येला सगळ्या बोटी वाळूवरून वरच्या कुंपणाशी घ्यायच्या आहेत. उधाणाची भरती आपल्याकडे दुपारी बारा-एकच्या सुमारास असते. पाणी वर आलेलं असेल तेव्हाच ओढायचं, म्हणजे हॉबी १६ या कॅटामरानचं सुमारे १४५ किलो वजन कमी अंतर वाहावं लागेल. अकरापर्यंत या. नुसते फोटो काढायला येणाऱ्यांनाही दोर धरावा लागेल.

डोलकाठी आधी उतरवा, मग बोट हलवा. काठी २६ फुटांहून उंच आहे आणि वाटेवर विजेच्या तारा आहेत. यात घाई खपवून घेतली जाणार नाही.

शिडं गोड्या पाण्यानं धुऊन, पूर्ण वाळवून घरी न्या. ओलं शीड गुंडाळलं की बुरशी आलीच. ट्रॅम्पोलिन (दोन सांगाड्यांमध्ये ताणलेलं बसायचं कापड) काढाच, नाहीतर जूनचा वारा त्याखाली शिरून बोट उचलतो. दोन्ही हलची (सांगाड्यांची) मागची बुचं उघडी ठेवा आणि नाळ (बोटीचं पुढचं टोक) थोडी उंच, म्हणजे आत शिरलेलं पाणी वाहून जाईल. बुचं मात्र पिशवीत घालून डोलकाठीला बांधा. दरवर्षी ती हरवतात.

१ जूनपासून मासेमारीबंदी, तेव्हा कोळी बांधवही होड्या वर घेत असतील. त्यांची जागा आणि वाट अडवू नका.

गेटवेची लाँच पावसाळ्यात बंद असते. मुंबईकरांनी मधेच बोट बघायला यायचं असल्यास भाऊच्या धक्क्यावरून रो-रो (गाड्याही नेणारी फेरीबोट) सुटणार आहे का, ते आधी विचारा.