सीईटीपीत बांधलेलं एन्झाईम एकदा लावून तर बघा

संपादक महोदय, नमस्कार.

मी इचलकरंजीत कापडाच्या प्रोसेसिंगमध्ये, म्हणजे ब्लीचिंग-डाईंगमध्ये, २२ वर्षं काम करतोय. उन्हाळा आला की पंचगंगेच्या बातम्या सुरू होतात, केंदाळ, फेस, तेरवाड बंधाऱ्यावर मेलेले मासे, आणि मग सगळे एकमेकांकडे बोट दाखवतात. मैलापाणीही नदीतच जातं हे खरंय, पण शहराचं सांडपाणी नदीत नेणाऱ्या काळ्या ओढ्याला जो रंग येतो त्यात आम्हा प्रोसेसवाल्यांचा वाटा आहे, हे मी स्वतः मान्य करतो. सुती कापडावर रिअॅक्टिव्ह कलर सगळा बसतच नाही, डार्क शेड असेल तर बराचसा वॉशिंगमध्ये निघून जातो.

आता यावर सीईटीपीत, म्हणजे सगळ्या युनिटचं सांडपाणी एकत्र शुद्ध करणाऱ्या प्रकल्पात, उपाय काय करतात, तर हिराकस आणि चुना टाकून रंग खाली बसवायचा. पाणी दिसायला बरं होतं पण रंग गेला कुठं, गाळात. तो गाळ वाळवा, पोती भरा, घातक कचरा म्हणून पाठवा.

एन्झाईम, म्हणजे ठराविक रासायनिक क्रिया घडवून आणणारं प्रथिन, आमच्या लाईनला नवीन नाही हो. साईझिंगची खळ काढायला अमायलेज वापरतो, ब्लीचिंगनंतर उरलेलं पेरॉक्साईड मारायला कॅटालेज. काम झाल्यावरही ते संपलेलं नसतं, तरी प्रत्येक बाथबरोबर ड्रेनला जातं. तेच एन्झाईम जर मण्यांवर नाहीतर जाळीवर पक्कं बांधून टाकीत ठेवलं तर पाणी वाहून जातं आणि एन्झाईम जागेवर राहतं, पुन्हा पुन्हा वापरता येतं. हे काही स्वप्न नाही, जपानमध्ये तानाबे सैयाकू कंपनीने १९६९ मध्ये अमिनो अॅसिड बनवायला असं बांधलेलं एन्झाईम कारखान्यात चालवलं, आणि पेनिसिलिनपासून पुढची औषधं करायलाही हीच पद्धत वापरतात. रंगासाठी लॅकेस नावाचं एन्झाईम आहे, लाकूड कुजवणाऱ्या बुरशीत सापडतं, हवेतला ऑक्सिजन घेऊन रंगाचा रेणू तोडतं. पेरॉक्सिडेज तर मुळ्यातून, कारल्यातूनही निघतं, फक्त त्याला थोडं हायड्रोजन पेरॉक्साईड द्यावं लागतं.

माझी मुलगी एमएस्सी करतेय, तिने दिवाळीच्या सुट्टीत घरीच करून दाखवलं. सोडियम अल्जिनेटच्या (समुद्री शेवाळातून मिळणारा डिंकासारखा पदार्थ) द्रावणात लॅकेस मिसळलं आणि सिरिंजने थेंब थेंब कॅल्शियम क्लोराईडच्या पाण्यात सोडलं, की साबुदाण्यासारखे मणी तयार. साध्या पाण्यात निळा कलर घालून त्यात मणी टाकले, सकाळपर्यंत रंग चांगलाच फिका झाला होता. मग मी हौसेने आमच्या युनिटच्या ड्रेनचं पाणी बाटलीत भरून आणलं, तर दुसऱ्या दिवशी मणी फुगून मऊ झाले आणि बोटाने दाबले तर फुटले. ती म्हणाली बाबा, तुमच्या पाण्यातलं मीठ आणि सोडा मण्यातलं कॅल्शियम ओढून घेतो. डाईंगला आम्ही लिटरमागे ५०-६० ग्रॅम मीठ घालतो, सोडा अॅशने पीएच १०-११ वर नेतो, आणि बहुतेक लॅकेसला लागतो ४ ते ६ पीएच. म्हणजे प्रयोगशाळेतल्या स्वच्छ रंगीत पाण्यावर मिळालेले आकडे आमच्या ड्रेनला जसेच्या तसे लागू होणार नाहीत, अल्जिनेटऐवजी टिकाऊ आधार शोधावा लागेल आणि पाण्याचा पीएच आधी तेवढा खाली आणावा लागेल. मीठ तर एन्झाईम काढणारच नाही, त्याला आरओच पाहिजे.

म्हणून माझी मागणी एवढीच आहे की सीईटीपीच्या आवारात एक लहान टाकी लावून, तिथे रोज खरोखर येणाऱ्या पाण्यावर वर्षभर चाचणी घ्या. पावसाळ्यातलं पाणी वेगळं, लग्नसराईतलं डार्क शेडचं वेगळं, महिनाभराच्या ट्रायलने काही कळत नाही. शिवाजी विद्यापीठात रंग तोडणाऱ्या जिवाणू-बुरशीवर कितीतरी वर्षं काम झालंय, त्यांना सोबत घ्या. आणि नुसता रंग गेला म्हणून पास करू नका, काही अॅझो कलर (रंगांचा एक मोठा गट) तुटताना अॅरोमॅटिक अमाईन नावाची विषारी रसायनं तयार होतात, ती कधी कधी रंगापेक्षाही वाईट, आणि डोळ्याला दिसत नाहीत. ती मोजा, त्या पाण्यात मासे जगतात का बघा आणि आकडे दर महिन्याला गेटवर लावा, चांगले असोत की वाईट.

पाण्याचे सॅम्पल कुठल्या शेडचं, कुठल्या स्टेजचं पाहिजे ते सांगा, ड्युटी संपल्यावर मी स्वतः भरून आणून देईन.

— एक डाईंग सुपरवायझर, इचलकरंजी