मावजी आणि टाटांची नावे कुठे गेली?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतील छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयावरचा लेख वाचून मनस्वी वाईट वाटले. संग्रहालय १९०५ साली सुरू झाले, असे त्यात छापले आहे. त्या वर्षी ११ नोव्हेंबरला ब्रिटिश युवराजांच्या हस्ते फक्त कोनशिला बसली. जॉर्ज विटेट यांनी आखलेली इमारत १९१४ साली पुरी झाली, महायुद्धात तिथे लष्करी रुग्णालय होते आणि लोकांसाठी दारे उघडली ती १० जानेवारी १९२२ रोजी. ही चूक एक वेळ पोटात घालता येईल. ‘इंग्रजांनी मुंबईला दिलेली देणगी’ हे शब्द मात्र घालता येत नाहीत.

अगदी हेच वाक्य सातवीच्या सहलीत आमच्या गुरुजींनी सांगितले होते आणि आम्ही ते वहीत उतरवून घेतले होते. पेंढा भरलेल्या प्राण्यांपुढे बराच वेळ थांबवून शिल्पांच्या दालनातून मात्र आम्हाला रांगेने झपझप बाहेर काढले. पंचविशी उलटल्यावर एकटा गेलो, तेव्हा सिंधमधील मीरपूर खासच्या बौद्ध स्तूपावरचा तो भाजक्या मातीचा उपासक पहिल्यांदा नीट पाहिला. हातात कमळ धरून तो इतका शांत उभा आहे की, मातीला असा चेहरा देणाऱ्या कारागिराचे नाव कोणालाच ठाऊक नसावे याची हुरहूर लागते.

परंतु ज्यांची नावे ठाऊक आहेत, ती तरी का गाळावीत? जागा सरकारने दिली, हे खरे. पण इमारतीसाठी सर करीमभाई इब्राहिम यांनी तीन लाख रुपये दिले. शेठ पुरुषोत्तम मावजी यांचा संग्रह १९१५ साली घेतला गेला आणि त्यातला काही भाग तर पूर्वी नाना फडणविसांकडचा होता. सर रतन टाटा आणि पुढे १९३३ साली सर दोराब टाटा यांच्या संग्रहांतून युरोपीय तैलचित्रे, चिनी व जपानी कलावस्तू आल्या. आयुष्यभर पारखून जमवलेल्या या वस्तू आज कोणालाही पाहता येतात, त्या या माणसांमुळे. तुमच्या लेखात त्यांच्यापैकी एकाचेही नाव नाही.

अर्ध्या पानावर घुमटाचे छायाचित्र आहे. दालनांतल्या एकाही वस्तूचे नाही. मागे अशाच एका चुकीबद्दल पाठवलेल्या माझ्या पत्राची पोचही आली नव्हती. या वेळी निदान सालाची दुरुस्ती छापावी, ही विनंती.

आपला,
एक जुना वाचक