क्लोजअप घ्या, पण जिप्सी लांबच राहू द्या

संपादक साहेब, नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत वाचकांनी काढलेले थंडीतल्या जंगलाचे फोटो पाहिले. जिकडे तिकडे वाघाचं तोंड, मिशा मोजून घ्याव्यात एवढं मोठं, खाली काढणाऱ्याचं नाव, संपलं. मीपण बरीच वर्षं ताडोबा, नागझिऱ्याला कॅमेरा घेऊन जातो म्हणून लिहितोय, क्लोजअप म्हणजे गाडी अंगावर नेणं नव्हे हो.

उलट जवळ गेलं की फोटोच बिघडतो. जिप्सीत, म्हणजे सफारीच्या उघड्या गाडीत, आपण उंचावर उभे, वाघ १० फुटांवर, मग कॅमेरा वरून खाली बघणार, म्हणजे कपाळ मोठं, डोळे दबलेले आणि मागे नुसती रस्त्याची माती. तोच वाघ २५ मीटरवर असू द्या, ५००-६०० एमएमची, लांबचं जवळ आणणारी लेन्स लावा, अँगल आपोआप त्याच्या डोळ्यांपाशी येतो. शिवाय तीच लेन्स फार जवळून लावली तर डोळा शार्प आला तरी नाक धूसर येतं.

मागच्या जानेवारीत सकाळी एक रानगवा मिळाला. सूर्य नुकताच वर आलेला, उजेड गव्याच्या मागून तिरपा, त्याच्यामागे झाडांची काळी सावली, आणि श्वास सोडला की नाकपुड्यांतून वाफ! ड्रायव्हर म्हणे पुढे घेऊ का, म्हटलं नको रे बाबा, इंजिन बंद कर आधी. तांदळाच्या पिशवीवर लेन्स टेकवून २० मिनिटं बसलो, बोटं पार बधिर. गवा काळा म्हणून कॅमेरा फोटो उगाच उजळ करत होता, एक्स्पोजर एक स्टॉप खाली आणलं, म्हणजे उजेड निम्मा केला, तेव्हा कुठे वाफ उठून दिसायला लागली. घरी येऊन बघतो तर दोन्ही शिंगं ठेवली की वाफ बारीकशी दिसते, शेवटी शिंगं कापली (जिवावर आलं, खरं सांगतो), एक डोळा, नाकपुडी आणि वाफ ठेवली, तो बघत होता त्या बाजूला जागा सोडली.

आणि ३१ डिसेंबर २०२४ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात काय झालं ते आठवतं ना, एफ-२ वाघीण आणि तिच्या पाच बछड्यांचा रस्ता सफारीच्या गाड्यांनी अडवला, हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. पानभर तोंड छापून येतं म्हटल्यावर लोक गाडी पुढे दामटणारच की.

तर विनंती एवढीच, फोटोखाली लेन्स किती एमएमची, प्राण्यापासूनचं अंतर अंदाजे किती आणि क्रॉप, म्हणजे कापाकापी, किती केलीय, हे छापत जा. आता ४५ मेगापिक्सेलचे कॅमेरे आलेत, निम्मा फोटो कापला तरी पुरवणीपुरता उरतो.

सोबत गव्याचा फोटो पाठवतोय. ५०० एमएम, अंतर ३० मीटरच्या आसपास, निम्मा क्रॉप. लहान छापला तरी चालेल, फक्त वाफेच्या बाजूने कापू नका.

– तुमचा एक वाचक, नागपूर