शिक्क्यासारखाच ईमेलचाही चार्ज द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी अमळनेर तालुक्यातली. गेली सहा वर्षं आमच्या गावातल्या एका छोट्या संस्थेचं काम बघते, पगार कुणालाच नाही, जो तो आपलं घर-शेत-नोकरी सांभाळून वेळ देतो. उन्हाळ्यात रक्ताचा तुटवडा पडतो तेव्हा रक्तदान शिबिरं घेतो आणि एक अभ्यासिका आहे जिथे भरतीची तयारी करणारी पोरं-पोरी रात्री उशिरापर्यंत बसतात. ऑफिस असं काही नाही, अभ्यासिकेतलं एक लोखंडी कपाट हेच ऑफिस, बाकी सगळा कारभार आमच्या स्वतःच्या फोनवर. त्या फोनबद्दल आणि पदाधिकारी बदलताना संस्थेच्या ईमेलचा चार्ज, म्हणजे ताबा, देण्याबद्दल लिहायचंय, कारण आमच्यावर जे गुदरलं ते जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्ह्यातल्या कितीतरी संस्थांवर कधीही येऊ शकतं.

आमचे आधीचे सचिव नाना, निवृत्त मुख्याध्यापक. संस्थेचं जीमेल खातं त्यांनीच काढलेलं, त्यांच्याच फोनमध्ये, रिकव्हरीला, म्हणजे पासवर्ड गेला तर खातं परत मिळवायला दिलेला, नंबरही त्यांचाच. तेव्हा कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही, नाना आहेत ना, मग झालं. दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये नानांना अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं. महिनाभर आम्ही फक्त त्यांच्या तब्येतीची चौकशी करत होतो, ईमेल कुणाच्या डोक्यात पण नव्हता. मे मध्ये सीए साहेबांचा फोन आला की देणगीदारांचा तपशील ३१ मे च्या आत आयकराच्या पोर्टलवर भरायचाय, पासवर्ड चालत नाहीये आणि नवा करायला गेलं तर ओटीपी मागतोय. ओटीपी जाणार नानांच्या नंबरवर आणि संस्थेच्या ईमेलवर.

मी त्यांच्या घरी गेले. वहिनींनी फोन आणून दिला, दवाखान्याच्या गडबडीत तो बंद पडून तसाच राहिला होता. चार्ज करून चालू केला तर पॅटर्न मागायला लागला. नाना नेहमी अंगठ्याने फोन उघडायचे म्हणून वहिनींनी त्यांचा उजवा हात उचलून अंगठा लावला, पण फोन बंद होऊन परत चालू झाला की पहिल्यांदा पॅटर्नच लागतो, अंगठा चालत नाही, हे आम्हाला तेव्हा कुठे माहीत. वहिनींनी तीन-चार वेळा अंगठा पुसून पुसून लावला. नाना आमच्याकडे बघत होते, त्यांना सगळं समजत होतं, सांगता येत नव्हतं. मी म्हटलं वहिनी राहू द्या आता. आजारी माणसाचा हात धरून संस्थेचं काम उरकायची वेळ आपण येऊ दिली याचं मला फार वाईट वाटलं, अजून वाटतं.

शेवटी अध्यक्षांच्या डिजिटल सहीवरून सीए साहेबांनी मार्ग काढला, पण १९ दिवस उशीर झाला आणि दिवसाला २०० रुपये प्रमाणे ३८०० रुपये भरावे लागले. ते जुनं खातं काही परत मिळालं नाही. त्यात सहा वर्षांचा पत्रव्यवहार होता, रक्तदात्यांच्या याद्या होत्या, आधीच्या शिबिरांचे फोटो होते.

त्यानंतर आम्ही सगळं नव्याने केलं आणि त्यात जे शिकलो ते सांगते. कुणाला उपयोग झाला तर बरंच.

पहिल्यांदा एकच खातं काढून पासवर्ड ग्रुपवर टाकला आणि पाच जणांनी आपापल्या फोनमध्ये घातला. हे बहुतेक संस्था करतात आणि हेच चुकीचं आहे. मी नवीन फोनमध्ये लॉगिन केलं की "हे तुम्हीच आहात का" असा मेसेज बाकीच्यांच्या फोनवर जातो, आमचे खजिनदार कापसाला पाणी देत होते, त्यांनी "नाही" दाबलं, मी बाहेर. आणि कुणी संस्था सोडली की पासवर्ड त्याच्याजवळच राहतो, मग तो बदला, परत सगळ्यांना कळवा, कुणाच्या फोनमध्ये जुनाच राहतो, त्याला वाटतं मेलच येत नाहीत. सगळ्यात वाईट म्हणजे मेल कुणी पाठवला हे कळायला मार्गच नाही.

नोंदणीकृत संस्था असेल तर गूगलची नॉनप्रॉफिटसाठीची सोय आहे, पात्रता तपासून मंजूर झाली की मेलची सेवा फुकट मिळते, फक्त संस्थेच्या नावाचं डोमेन, म्हणजे ईमेल पत्त्यात @ च्या पुढे येणारं नाव, दरवर्षी विकत घ्यावं लागतं. त्यात प्रत्येक कार्यकर्त्याला स्वतःचं वेगळं खातं देता येतं आणि माणूस गेला की फक्त त्याचं खातं बंद करायचं, बाकीच्यांना धक्का नाही. डोमेन मात्र कुणा उत्साही पोराच्या वैयक्तिक नावावर घेऊ नका, नाहीतर नानांचीच गोष्ट परत.

दुसरीकडून डोमेनसोबत मेल घेतला असेल तर फोनमध्ये सेटिंग हाताने भरावी लागते आणि तिथे लोक दोन-तीन ठिकाणी अडकतात. पॉप की आयमॅप (मेल फोनमध्ये आणायच्या दोन पद्धती) असं विचारतं तिथे आयमॅपच घ्या. पॉप मध्ये मेल त्या फोनमध्ये उतरतो आणि सेटिंग तशी असेल तर सर्व्हरवरून (मेल कंपनीच्या मुख्य कॉम्प्युटरवरून) जातो, म्हणजे तोच पत्ता दुसऱ्या फोनवर उघडला तर इनबॉक्स रिकामा. आयमॅपमध्ये सगळ्या फोनवर तेच दिसतं. येणाऱ्या मेलचा पोर्ट (सेटिंगमध्ये भरायचा ठरलेला आकडा) साधारण ९९३ असतो, जाणाऱ्याचा ४६५ किंवा ५८७. युजरनेममध्ये पूर्ण ईमेल पत्ता लिहायचा, अर्धा लिहिला की पासवर्ड चूक आहे असंच सांगतं आणि माणूस पासवर्ड बदलत बसतो. आणि जाणाऱ्या सर्व्हरलाही पासवर्ड द्यावा लागतो, तो रकाना कोरा राहिला की मेल येतात पण जात नाहीत. आमच्या एका ताईंचे आठ दिवसांचे मेल आउटबॉक्समध्येच पडून होते, त्यात रक्तपेढीला दिलेली शिबिराची तारीख पण होती, आणि तिकडचे लोक म्हणत होते की तुमचं काही पत्रच नाही.

आता खरा प्रश्न, जो आमच्या सभेत एका आप्पांनी विचारला, "मना फोटो समदासले दिखतीन का भो?" (माझे फोटो सगळ्यांना दिसतील का?) सगळे हसले पण मला तो प्रश्न फार योग्य वाटला. फोन त्यांचा, पैसे त्यांचे, त्यात नातवंडांचे फोटो, बँकेचे मेसेज, सगळं. फुकट काम करणाऱ्या माणसाला आपला फोन संस्थेसाठी वापरू द्या म्हणतो तेव्हा त्याला आधी नीट समजावून सांगणं हे संस्थेचं काम आहे. नुसतं खातं घातल्याने संस्थेला तुमचे फोटो किंवा व्हॉट्सअॅप दिसत नाही. पण काही ठिकाणी खातं घालताना फोन एक परवानगी मागतो, संस्थेचा अॅडमिन (सगळी खाती सांभाळणारा) स्क्रीन लॉक सक्तीचं करू शकेल, डेटा पुसू शकेल वगैरे. ते पान न वाचता ओके दाबू नका. फक्त संस्थेचं खातं पुसलं जाणार की सगळा फोन, हे अॅडमिनला विचारून घ्या. अँड्रॉइडमध्ये वर्क प्रोफाइल अशी सोय असते, संस्थेची अॅप वेगळी राहतात, त्यांच्यावर छोट्या ब्रीफकेसचं चिन्ह दिसतं, तशी व्यवस्था असेल तर अॅडमिन फक्त तेवढाच भाग काढू शकतो. सगळा फोन पुसायची परवानगी मागत असेल तर सरळ नाही म्हणा, मी तरी कुणाला हो म्हणायला सांगणार नाही.

उलटी काळजी पण घ्यावी लागते. फोनमध्ये दुसरं गूगल खातं घातलं की कॉन्टॅक्ट आपोआप सिंक होतात, ते बंद करा, नाहीतर रक्तदात्यांचे नंबर आणि तुमचे पाहुणे एकाच यादीत. फोटोच्या अॅपमध्ये बॅकअप कुठल्या खात्यावर चाललाय ते बघा. आमच्याकडे एका कार्यकर्त्याच्या बहिणीच्या हळदीचे सगळे फोटो संस्थेच्या खात्यात गेले, फुकटच्या खात्यात जागा १५ जीबी, ती भरली आणि येणारे मेल परत जायला लागले. आणि मेल पाठवायच्या आधी वर "फ्रॉम" मध्ये कुठला पत्ता आहे ते बघायची सवय लावून घ्या. देणगीदाराला आभाराचं पत्र कुणाच्या तरी घरगुती पत्त्यावरून गेलं तर त्याला शंका येणारच, आजकाल फसवणूक काय कमी आहे का.

पण हे सगळं सेटिंगचं झालं, ते एखादा कॉलेजचा पोरगा अर्ध्या तासात करून देतो. माझं म्हणणं वेगळं आहे. आपल्याकडे पदाधिकारी बदलला की चार्ज देतात. शिक्का, पावतीपुस्तकं, चेकबुक, इतिवृत्ताचं रजिस्टर, किर्द-खतावणी, सगळं मोजून देतात, सही घेतात. विश्वस्त बदलले की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो हे पण सगळ्यांना ठाऊक असतं. मग ईमेलचा चार्ज का देत नाही? आज सरकारी पोर्टल, बँक, देणगीदार, सगळे त्याच पत्त्यावर येऊन थांबतात, शिक्का एकवेळ नवीन करून मिळतो, ईमेल गेला तर संस्था आहे हे सिद्ध करायला महिने जातात.

म्हणून आपल्या पेपरच्या माध्यमातून दोन विनंत्या आहेत. एक, धर्मादाय कार्यालयांनी किंवा आमच्या विद्यापीठाच्या एनएसएसच्या मुलांनी तालुक्याच्या ठिकाणी छोट्या संस्थांसाठी अर्ध्या दिवसाचं शिबिर घ्यावं, फोन सोबत आणा आणि इथेच बसून करून घ्या असं. पंचावन्न-साठीच्या पुढचे कितीतरी सचिव मी बघते, प्रामाणिकपणे काम करतात पण ओटीपी म्हटलं की पोराला हाक मारतात, आणि पोरगा पुण्याला. दुसरी विनंती संस्थांनाच, या महिन्याच्या सभेत रिकव्हरीचा नंबर कुणाचा आहे एवढं तरी विचारा. बंद पडलेल्या सिमचा नंबर कंपनी काही काळाने दुसऱ्याला देते, मग तुमचा ओटीपी भलत्याच माणसाकडे. आणि जे खातं दोन वर्षं उघडलंच नाही ते गूगल काढून टाकू शकतं, हा नियम २०२३ च्या डिसेंबरपासून लागू आहे, बंद पडल्यासारख्या वाचनालयांनी आणि मंडळांनी हे नक्की बघावं.

आम्ही आता दोन टप्प्यांचं लॉगिन लावलंय, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक खात्री मागतं, त्याचे फोन हाताशी नसेल तेव्हा वापरायचे दहा बॅकअप कोड मिळतात, प्रत्येक आठ अंकी आणि एकदाच चालणारा. ते कागदावर छापून लाखेचं सील केलेल्या पाकिटात घालून त्या लोखंडी कपाटात इतिवृत्ताच्या रजिस्टरखाली ठेवलेत. पाकिटावर तीन जणांच्या सह्या आहेत, अध्यक्ष, खजिनदार आणि मी. नाना आता थोडं बोलतात, काठी धरून अभ्यासिकेपर्यंत येतात, मागच्या आठवड्यात त्यांनी ते पाकीट हातात घेऊन उलटसुलट बघितलं आणि चौथी सही डाव्या हाताने केली. मार्चनंतर मी सचिवपद सोडतेय, सभेच्या नोटिशीत विषय क्रमांक ४ ईमेलचा चार्ज देणे असा घातलाय.

आपली,
एक वाचक, अमळनेर, जि. जळगाव