पाठीवर ‘माराडोना’ छापलं की १९८६ बिघडलं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ठाण्यात आणि नवी मुंबईत लघुपट, एकांकिका, वेब मालिका करणाऱ्या मुलांना हल्ली फुटबॉलचा विषय फार सुचतो. गोष्ट काल्पनिक असते, नावं मात्र खरी येतात. भिंतीवर माराडोना, प्रशिक्षकाच्या तोंडी बेकहॅम, नायकाच्या अंगात मेस्सीची जर्सी. त्याला हरकत काहीच नाही. पण खऱ्या खेळाडूचं नाव घेतलं की त्याच्या मागोमाग साल येतं, आणि साल आलं की जर्सी, चेंडू, नियम, गवत, सगळं त्या सालाचं लागतं. १९८३ च्या लॉर्ड्सवर कपिलदेवला निळ्या कपड्यांत दाखवायची कुणाची छाती होणार नाही. फुटबॉलमध्ये मात्र काहीही खपतं, असा समज दिसतो. वाशी-नेरूळच्या मैदानांवर रविवारी सकाळी जी पोरं खेळतात, ती असल्या चुका पहिल्याच दृश्यात पकडतात.

सर्वांत जास्त वेळा जे चुकतं त्यापासून सुरुवात करतो. २२ जून १९८६, मेक्सिको सिटीतलं अझ्टेका मैदान, अर्जेंटिना विरुद्ध इंग्लंड. माराडोनाने हाताने मारलेला गोल ५१ व्या मिनिटाला, आणि निम्मा संघ चकवून केलेला दुसरा ५५ व्या. जर्सी छापणाऱ्याकडे जाऊन ‘माराडोना, दहा नंबर’ म्हटलं की तो पांढऱ्या-आकाशी उभ्या पट्ट्यांची जर्सी काढून देतो, पाठीवर नावासकट. यात दोन चुका आहेत. त्या दिवशी अर्जेंटिना गडद निळ्या जर्सीत खेळली. आधीची निळी जर्सी उन्हात जड होत होती, म्हणून मेक्सिको सिटीतल्याच दुकानातून हलक्या जर्सी आणल्या, त्यांच्यावर घाईघाईने संघाचं चिन्ह शिवलं आणि चकचकीत चंदेरी आकडे इस्त्रीने चिकटवले. हे चंदेरी आकडे जुन्या छायाचित्रांत स्पष्ट दिसतात. दुसरी चूक नावाची. विश्वचषकात पाठीवर नाव आलं १९९४ साली, त्याआधी नुसता आकडा असे. पट्ट्यांची जर्सी वापरायचीच असेल तर दृश्य २९ जूनच्या अंतिम सामन्याचं करा. समोर पश्चिम जर्मनी हिरव्या जर्सीत होती, त्यामुळे पट्टे बरोबर ठरतात. नाव मात्र तिथेही नाही.

कापडाचंही बघा. आज मिळणारी सब्लिमेशनची, म्हणजे कापडातच रंग मुरवून छापलेली, जर्सी पॉलिएस्टरची असते, दिव्याखाली चमकते आणि घामाने अंगाला चिकटत नाही. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकचं किंवा १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेचं दृश्य असेल तर साधं सुती कापड घ्या आणि नंबर कापडाचाच कापून शिवा. दोनदा धुऊन थोडं विटू दिलं तर उत्तमच.

त्याच इंग्लंड सामन्याबद्दल आणखी एक गोष्ट. तो मेक्सिकोत दुपारी बाराला सुरू झाला, म्हणजे आपल्याकडे रविवारी रात्री साडेअकराला. माराडोनाचा हात चेंडूला लागला तेव्हा इथे मध्यरात्र उलटून अर्ध्या तासाहून जास्त वेळ गेला होता. तेव्हा ठाण्यातल्या चाळीत दूरदर्शनपुढे बसलेली माणसं भर दुपारी घामाघूम दाखवू नका. अर्धवट झोपेतली, गंजिफ्रॉक-लुंगीतली, शेजारची पोरं दाराच्या चौकटीत बसलेली, असं दाखवा.

नंबरांचा गोंधळ तर विचारू नका. बेकहॅम म्हणजे ७ हे मँचेस्टर युनायटेड आणि इंग्लंडपुरतं खरं, तेही युनायटेडमध्ये १९९७ पासून. कँटोना निवृत्त झाला तेव्हा तो नंबर मोकळा झाला. २००३ मध्ये बेकहॅम रेआल माद्रिदला गेला तेव्हा तिथला ७ राउलकडे होता, म्हणून त्याने २३ घेतला. माद्रिदच्या पांढऱ्या जर्सीवर ‘बेकहॅम ७’ कधी झालंच नाही. त्याच राउलमुळे क्रिस्तियानो रोनाल्डोही माद्रिदमध्ये पहिल्या हंगामात, २००९-१० ला, ९ नंबर घालून खेळला. मेस्सी बार्सिलोनात आधी ३०, मग १९ आणि २००८ पासून १०. २००६ च्या विश्वचषकातही त्याची पाठ १९ चीच होती, १० रिकेल्मेचा. झिदान फ्रान्ससाठी १०, पण युव्हेंटसमध्ये २१ आणि माद्रिदमध्ये ५. क्रॉइफची १९७४ ची नारिंगी जर्सी करणार असाल तर बाहीवरचे काळे पट्टे मोजून घ्या. इतरांना तीन, त्याला दोन, कारण त्याचा करार दुसऱ्या बूट कंपनीशी होता.

आता नियम. आमच्यासारख्या शिट्टी घेऊन उभं राहणाऱ्यांना इथे जास्त खुपतं. पिवळं आणि लाल कार्ड आलं १९७० च्या विश्वचषकात. जकार्ता १९६२ च्या सामन्यात पंचाने खिशातून कार्ड काढलं की दृश्य मेलं. त्या काळचा पंच तोंडी ताकीद देई आणि वहीत नाव लिही. विश्वचषकात बदली खेळाडूही १९७० पासूनच. सहकाऱ्याने पायाने मागे दिलेला चेंडू गोलकीपरने हातात घेणं १९९२ पर्यंत चालत होतं. फ्री किकची रेषा फेसाने आखणं विश्वचषकात २०१४ ला आलं. आणि कुणाच्याच लक्षात न येणारी गोष्ट किक-ऑफची. २०१६ पर्यंत सुरुवातीचा चेंडू पुढेच ढकलावा लागे, म्हणून मधोमध दोघे उभे राहात. आजच्यासारखा एकच जण उभा राहून मागे पास देतोय आणि खाली अक्षरं ‘१९८६’, हे होता कामा नये.

चेंडूचंही तसंच. १९७० च्या विश्वचषकाचा टेलस्टार चेंडू म्हणजे ३२ तुकड्यांचा, १२ काळे पंचकोन आणि २० पांढरे षटकोन. पुढे २००६ ला तुकडे १४ झाले, २०१० ला ८, २०१४ ला ६. दुकानात मिळणारा काळा-पांढरा ३२ तुकड्यांचा चेंडू १९७० नंतरच्या कथेला चालून जाईल. त्याआधीच्या कथेला मात्र तपकिरी चामड्याचा, लांबट पट्ट्यांचा शोधा. आकार ५ नंबरचा, घेर ६८ ते ७० सेंटिमीटर, वजन ४१० ते ४५० ग्रॅम. फुटसालचा, म्हणजे पाच-पाच जणांच्या इनडोअर फुटबॉलचा, लहान आणि कमी उसळणारा चेंडू पडद्यावर लगेच ओळखू येतो.

इकडे बहुतेक शूटिंग टर्फवर, म्हणजे कृत्रिम गवतावर, होतं, कारण रात्री दिवे मिळतात आणि तासाच्या हिशेबाने जागा मिळते. पण टर्फमध्ये काळे रबराचे दाणे असतात. चेंडूला लाथ बसली की ते उडतात आणि स्लो मोशनमध्ये अगदी छान दिसतात. अझ्टेकावर असले दाणे नव्हते, मुंबईतल्या त्या काळच्या कूपरेज मैदानावर तर नव्हतेच. शिवाय बॉक्स टर्फचा गोल लहान असतो आणि डोक्यावर जाळी. खऱ्या गोलची रुंदी ७.३२ मीटर, उंची २.४४. जुन्या काळाचं दृश्य असेल तर मातीचं मैदान गाठा, आणि तेही पावसाळा सरल्या सरल्या, ऑक्टोबरात. तेव्हा गवत अजून टिकून असतं. जानेवारीत त्याच मैदानावर लाल धूळ उडते.

बेकहॅमसारखी वळणारी फ्री किक दाखवायची हौस सगळ्यांना. गुरिंदर चढ्ढांच्या २००२ च्या ‘बेंड इट लाइक बेकहॅम’ या चित्रपटाच्या नावातच ती आहे. तिथे शेवटी विमानतळावर दिसतो तो खुद्द बेकहॅम नाही, त्याच्यासारखा दिसणारा माणूस आहे, आणि तरी काही बिघडत नाही, कारण चित्रपट त्या लाथेबद्दल आहे. ती लाथ अशी. उजव्या पायाच्या खेळाडूने डावीकडून तिरकं धावत यायचं, डावा पाय चेंडूशेजारी घट्ट रोवायचा, आणि उजव्या पायाच्या आतल्या बाजूने चेंडूच्या मध्यापेक्षा खाली आणि उजवीकडे मारायचं. चेंडू फिरत जातो आणि उजवीकडून डावीकडे वळतो. भिंत, म्हणजे समोर ओळीत उभे राहणारे विरोधी खेळाडू, ९.१५ मीटरवर. कॅमेरा मारणाऱ्याच्या पाठीमागे किंवा गोलच्या मागे हवा. बाजूच्या रेषेवर ठेवलात तर चेंडू नुसता वर गेला आणि खाली आला एवढंच दिसतं, वळण गायब. पाम बीच रोडच्या बाजूची मैदानं असतील तर खाडीवरचा वारा बघून दिशा ठरवा, नाहीतर वीस टेकमध्येही जमत नाही.

खऱ्या खेळाडूला काल्पनिक भूमिका देण्याचं सर्वांत धीट उदाहरण १९८१ चं ‘एस्केप टू व्हिक्टरी’. पेले त्यात त्रिनिदादचा सैनिक आहे, बॉबी मूर आणि आर्दिलेसही दुसऱ्याच नावांनी खेळतात. कथा दुसऱ्या महायुद्धाची, म्हणजे बदली खेळाडू नाही. म्हणून जखमी पेले बाहेर बसतो, संघ दहा जणांवर खेळतो आणि शेवटी तोच परत आत येतो. नियमाच्या अडचणीतून कथेला केवढं वळण मिळालं बघा! ‘लुकिंग फॉर एरिक’मध्ये (२००९) कँटोना कँटोना म्हणूनच येतो, आणि आपला सर्वांत सुंदर क्षण म्हणून गोलऐवजी एक पास सांगतो, टॉटनहॅमविरुद्ध डेनिस अर्विनला दिलेला. नाव घ्यावं तर असं, ज्याला खेळ कळतो त्याला कोपऱ्यातलं काहीतरी आठवेल.

आणि आपल्याकडे असं नाव नाही का? मुंबईत टाटाकडून खेळलेला नेव्हिल डिसूझा. मेलबर्न ऑलिंपिक, १ डिसेंबर १९५६, यजमान ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅटट्रिक, भारत ४-२. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई. उपांत्य सामन्यात युगोस्लाव्हियाविरुद्ध पहिला गोलही त्याचाच, पुढे आपण १-४ हरलो आणि अखेर चौथे आलो. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम. ठाण्यातल्या एखाद्या काल्पनिक आजोबांच्या तोंडी मेस्सीपेक्षा हे नाव कितीतरी शोभेल. फक्त आजोबांना ‘आपण अनवाणी खेळायचो म्हणून १९५० च्या विश्वचषकात घेतलं नाही’ हे वाक्य देऊ नका. तेव्हा आपल्या महासंघानेच माघार घेतली. लांबचा प्रवास, सरावाला कमी वेळ आणि ऑलिंपिकलाच मोठं मानणं ही कारणं त्यामागे सांगितली जातात. अनवाणी दृश्य हवंच असेल तर १९४८ चं लंडन ऑलिंपिक घ्या, फ्रान्सविरुद्ध १-२, आपला गोल रामनचा. १९५२ ला हेलसिंकीत युगोस्लाव्हियाने १-१० हरवल्यावर आपल्याकडे बूट सक्तीचे झाले, त्यामुळे मेलबर्नमधला नेव्हिल बुटातच हवा.

शेवटी कागदपत्रं. संवादात नाव घेणं आणि पोस्टरवर चेहरा छापणं या वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरीसाठी आधी परवानगी घ्या. क्लबचं बोधचिन्ह नोंदणीकृत असतं, ते जर्सीवरून काढून साधा रंग ठेवा. मागे टीव्हीवर खरा सामना लावून ठेवलात तर दोन सेकंदांच्या क्लिपवरूनही यूट्यूब चित्रफीत अडवू शकतं. त्यापेक्षा पडदा दाखवूच नका, बघणाऱ्यांचे चेहरे दाखवा आणि समालोचन स्वतः लिहून रेकॉर्ड करा. ‘सर्व पात्रे काल्पनिक आहेत’ ही छापील पाटी नेव्हिलचं नाव घेतल्यावर खोटी पडते. तिथे असं लिहावं: ‘कथा व पात्रे काल्पनिक आहेत. उल्लेख झालेले खेळाडू, सामने व गोलसंख्या खरी आहे.’ आणि मग ती गोलसंख्या एकदा ताडून घ्यावी.

आपले,
दोन फुटबॉल पंच
नेरूळ आणि ठाणे (पूर्व)